मधमाशीचा शिक्का

मंगळवारी सकाळी बोगोमिर पेच्निक समुद्रात गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या मते त्याचं काम झालं होतं. मारिबोर शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून निघून, वाटेतले सगळे डोंगर ओलांडत, तीस दिवसांत सहाशे किलोमीटर चालून तो इथवर आला होता. हातातल्या छोट्या निळ्या वहीत प्रत्येक शिखराचा आणि डोंगरातल्या प्रत्येक मुक्कामघराचा शिक्का होता. आमच्याकडे कुणी नुसतं 'जाऊन आलो' म्हटलं तर लोक 'हो का' म्हणतात आणि वही बघायला हात पुढे करतात. शिखरावर पत्र्याची पेटी असते, पेटीत साखळीला अडकवलेला रबरी शिक्का आणि शाईची गादी. वहीतल्या चौकोनात शिक्का उमटला तर तुम्ही वर गेला होता, नाही उमटला तर गेला नव्हता. सगळे चौकोन भरले की डोंगर मंडळाकडून एक पितळी बिल्ला मिळतो. बिल्ला नखाएवढाच असतो, पण तो कोटाला लावलेला माणूस इतरांशी बोलताना मध्येच थांबून लांब कुठेतरी बघतो.

बोगोमिरला तो बिल्ला हवा होता. त्याचं कारण साधं आणि थोडं लाजिरवाणं होतं. सत्तावन्न वर्षांत त्याने एकही गोष्ट तडीला नेली नव्हती. अकॉर्डियन तीन गाण्यांवर थांबलं होतं. इटालियन भाषेच्या पुस्तकात तो हॉटेलात जेवण मागवण्यापर्यंत पोचला आणि बिल मागण्याच्या धड्याआधी त्याने पुस्तक मिटलं. त्याची बायको मिलेना हे कुणाला मुद्दाम सांगत नसे, पण विषय निघाला तर टाळतही नसे. ही वाट मात्र त्याने पूर्ण केली होती.

संध्याकाळी तो घरी पोचला. मिलेनाने दार उघडलं, त्याला मिठी मारली, लगेच थोडी मागे सरली आणि सपाता पुढे केल्या. आमच्याकडे घरात सपातांशिवाय पाऊल टाकायची सोय नाही, मग तुम्ही समुद्रावरून आलेले असा की चंद्रावरून. पण सपाता पायात शिरेनात. तीस दिवसांत पाय एका मापाने वाढले होते.

"टाचा बाहेर राहू देत," मिलेना म्हणाली. "ये, बस. सांग आता, कसं झालं?"

"छान झालं," बोगोमिर म्हणाला आणि नकाशा टेबलावर पसरून बसला.

मिलेनाने महिनाभर या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहिली होती. तिने सूप वाढलं, नकाशाची एक घडी उचलून ताटासाठी जागा केली आणि गेल्या महिन्यात इथे काय काय झालं ते सांगायला सुरुवात केली. बोगोमिर मधूनमधून "हं" म्हणत होता. त्याचं बोट नकाशावर एका खिंडीतून वर सरकत होतं.

बुधवारपासून कचेरी होती. पाणीपट्टीच्या खात्यात बोगोमिर एकतीस वर्षं बसत आला होता, पण आता त्याला खुर्चीत बसवेना. पहाटे पाचला जाग यायची, मग तो पाठीवर रिकामी पिशवी अडकवून इमारतीला बारा फेऱ्या मारायचा. त्याहून मोठी अडचण जिभेची होती. डोंगरात हजार मीटरच्या वर गेलं की कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही. मंत्री असो की मेंढपाळ, वर सगळे एकमेकांना 'तू'. खाली उतरलं की पुन्हा 'तुम्ही' सुरू करायचं असतं. बोगोमिर खाली उतरला होता, जीभ उतरली नव्हती. बसचालकाला तो 'तू' म्हणाला, दंतवैद्याला म्हणाला. कचेरीच्या संचालिका विद्मारबाई, वय चौतीस, स्वभावाने कडक इस्त्रीच्या. त्या जिन्यात भेटल्या तेव्हा हा म्हणाला, "काय गं, कशी आहेस?" बाई पुढचे दोन दिवस त्याच्याशी फक्त लेखी बोलल्या.

गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात मंडळाची कचेरी उघडी असते. तिथे झुपानबाई बसतात. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर मंडळाचं चिटणीसपद घेतलं, त्यामुळे त्यांच्यापुढे बसलेल्या प्रत्येक माणसाला आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटतं. त्यांनी भिंग घेतलं आणि पहिल्या पानापासून एकेक शिक्का तपासायला सुरुवात केली. बोगोमिर छाती पुढे काढून बसला होता. अर्धा तास गेला. बाई एका चौकोनावर थांबल्या, पुढे गेल्या, पुन्हा मागे आल्या.

"एकसष्टावा कुठला, पेच्निकसाहेब?"

"सुहा ग्लावा. दगडी माथा. त्या दिवशी इतकं धुकं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते."

"यावर मधमाशी आहे."

"काय आहे?"

बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं. चौकोनात एक गोंडस, सहा पायांची, पंख पसरलेली मधमाशी होती आणि तिच्याभोवती गोलाकार अक्षरांत लिहिलं होतं, 'मधपाळांची सहल-वाट, टेकडी क्रमांक चार'.

झुपानबाईंनी शांतपणे खुलासा केला. त्या माथ्यावरून दोन वाटा जातात. एक आपली मोठी, दुसरी मधमाश्या पाळणाऱ्यांनी रविवारच्या फिरण्यासाठी आखलेली, एकूण नऊ टेकड्यांची. दोघांचे शिक्के एकाच पेटीत असतात.

"मी पेटीत हात घातला, शिक्का हाताला लागला, मारला," बोगोमिर म्हणाला.

"वाचला नाहीत?"

"चष्म्यावर पाणी होतं. पण बाई, हा शिक्का त्याच पेटीतला आहे ना? म्हणजे मी तिथे होतो हे सिद्धच झालं की."

"मधपाळांपुरतं सिद्ध झालं. उरलेल्या आठ टेकड्या करा, ते तुम्हाला मधाची बरणी देतील."

बोगोमिरचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात शनिवारी अग्निशमन दलाच्या सभागृहात बिल्ले वाटायचे होते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यात त्याचं नाव होतं आणि एक पत्रिका त्याच्या इमारतीच्या सूचनाफलकावर चार टाचण्यांनी लावलेली होती. झुपानबाईंनी बराच वेळ पेन्सिल हातात फिरवली. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत खरा शिक्का आणलात तर नाव वाचीन, नाही तर पुढच्या वर्षी बघू, असं त्या म्हणाल्या, आणि त्याचा कागद 'अपूर्ण' असं लिहिलेल्या फायलीत गेला. त्या शब्दाने बोगोमिरला लागायचं तिथे लागलं.

बातमी त्याच्या आधी इमारतीत पोचली होती. दुसऱ्या मजल्यावरचे रादोवान जिन्यातच उभे होते. त्यांनी हीच वाट चाळीस वर्षांपूर्वी बावीस दिवसांत केली होती आणि तेव्हापासून ते जिन्यात भेटणाऱ्या माणसाला ती थोडी थोडी सांगत असत.

"माझी एक सवय होती," रादोवान म्हणाले. "शिक्का मारण्याआधी मी तो वाचायचो."

तळमजल्यावरचे ड्रागो छापखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी बोगोमिरला बाजूला घेऊन आवाज खाली आणला. "एवढ्यासाठी डोंगर कशाला चढता? मी कोरून देतो. बटाटा मात्र नको, बटाटा पाणी सोडतो. नवलकोल आणा, चांगला घट्ट. सकाळी घेऊन जा शिक्का, दुपारी त्याचं सूप करा."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं मत पडलं की दोन साक्षीदार आणि एक प्रतिज्ञापत्र केलं तर कुठलंही कार्यालय नाही म्हणू शकत नाही. धुक्यात साक्षीदार कुठून आणायचे, असं बोगोमिरने विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की मी यायला तयार आहे, मला धुकं आवडतं.

"मला कुणाचंही काही नको," बोगोमिर म्हणाला. "मी पुन्हा वर जाणार आणि खरा शिक्का मारून आणणार."

हे तो चौथ्या मजल्यापर्यंत तीनदा म्हणाला. आणि एक गोष्ट इथेच सांगून टाकली पाहिजे, जी त्याने स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. समुद्रावरून आल्यापासून त्या रात्री त्याला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

जायचं कधी, हा प्रश्न होता. शनिवार-रविवारी सासूबाईंच्या मळ्यात द्राक्षतोडणी होती, आणि त्या तोडणीतून आजवर एकाच जावयाला सूट मिळाली आहे, तीही तो वारला म्हणून. बोगोमिर गेला. पाटी उचलताना सासूबाईंना म्हणाला, "तू जरा सरक." तीस वर्षं जावयाकडून 'तुम्ही' ऐकलेल्या त्या म्हातारीने हातातली कात्री खाली ठेवली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याला सर्वांत चढाच्या ओळीत पाठवलं. तिथे तो दोन दिवस एकटाच तोडत होता.

उरला कामाचा आठवडा. रजा तर दोन वर्षांची साठवून सगळी वापरून झाली होती. तो विद्मारबाईंच्या खोलीत गेला. बाहेर दहा वेळा 'तुम्ही, तुम्ही' घोकलं, आत जाऊन म्हणाला, "तुम्ही मला शुक्रवारी सुट्टी दे."

बाईंनी न बोलता छापील अर्ज पुढे सरकवला. खास रजेची कारणं त्यात दिलेली होती: स्वतःचं लग्न, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, घर बदलणं, पूर, रक्तदान. शिक्का हे कारण नव्हतं. बोगोमिरने यादी दोनदा वाचली. लग्न झालेलं होतं. नातेवाइकांपैकी कुणी तयार दिसत नव्हतं. रक्त मात्र त्याच्याकडे होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तो रक्तपेढीत आडवा झाला. परिचारिकेने बाटलीभर रक्त काढून घेतलं, कोपरावर पट्टी बांधली, चहा आणि सॉसेज दिलं आणि आज श्रम नको, भरपूर पाणी प्या, असं बजावलं.

"चालणं चालेल?" बोगोमिरने विचारलं. तो प्रामाणिक माणूस होता.

"हलकंफुलकं चालेल."

साडेनऊच्या बसने तो डोंगराकडे निघाला. मी याचं समर्थन करत नाही. रक्तदानाची सुट्टी माणसाने घरी पडून राहावं म्हणून असते, आणि बोगोमिरला हे माहीत होतं. म्हणूनच तो पहिल्या चढावर दर शंभर पावलांनी थांबून सभ्यपणे आडवा होत होता. दोन तासांची वाट त्याने पाच तासांत केली. माथ्याखालच्या मुक्कामघराच्या पायरीवर तो पोचला तेव्हा त्याचा रंग तिथल्या चुनखडीसारखा झाला होता. घर सांभाळणारी मार्ता अंगणात चादरी वाळत घालत होती. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग कोपराकडे.

"हे काय आहे?"

"रक्त दिलं."

"कधी?"

"सकाळी. हलकं चालायला परवानगी आहे."

"आठशे मीटर चढ हलका?"

"पिशवी हलकी होती."

मार्ताने त्याला दंडाला धरून आत नेलं, पुढ्यात जवाच्या आणि घेवड्याच्या खिचडीची वाडगी ठेवली, वर डुकराच्या मांसाचा तुकडा टाकला आणि त्याचे बूट कपाटात ठेवून कुलूप लावलं. "उद्या सकाळी मिळतील. कशाला आलायस इतक्या घाईने?"

इथे बोगोमिरचा स्वाभिमान आडवा आला. सहाशे किलोमीटर चाललेल्या माणसाने, मी मधमाशी मारून घेऊन गेलो, असं कसं सांगायचं? "फोटो काढायला," तो म्हणाला. मार्ताने खांदे उडवले आणि खिचडी पुन्हा वाढली.

शनिवारी सकाळी आठला तो माथ्यावर होता. आभाळ स्वच्छ होतं. त्याने चष्मा पुसला, तीनदा पुसला, वही काढली, पेटीचं झाकण उघडलं. आत शाईची गादी होती आणि साखळीला एक शिक्का होता. मधमाशीचा. शेजारी दुसरी साखळी लोंबत होती, तिच्या टोकाला काहीही नव्हतं. बोगोमिरने पेटीत हात घालून चारही कोपरे चाचपले, पेटी जिथे ठोकली होती त्या खांबाच्या मागे पाहिलं, आसपासचे दगडही उलटून पाहिले. मग तो खाली आला आणि मार्ताला सगळं सांगितलं, धुकं, चष्मा, भिंग, सगळं.

"अरे, मग काल विचारायचंस ना," मार्ता म्हणाली. "आपल्या वाटेचा शिक्का पाच आठवड्यांपूर्वीच काढून नेला. अक्षरं झिजली होती, नवं रबर बसवायला दिलाय. या माथ्याची देखभाल मारिबोरच्या मंडळाकडेच आहे. कोण ती, झुपानबाई, तिच्याकडे आहे."

बोगोमिर पायरीवर बसला. तो धुक्यात इथे येऊन गेला त्याला साडेतीन आठवडे झाले होते. म्हणजे त्या दिवशी पेटीत दुसरा शिक्का नव्हताच. वाचून मारला असता तरी मधमाशीच मारली असती. त्याची चूक नव्हती, काडीचीही नव्हती. हे पटायला त्याला थोडा वेळ लागला, कारण अशी वेळ त्याच्यावर आधी कधी आली नव्हती.

संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना तो चिखलाच्या बुटांसह सभागृहात शिरला. अख्खी इमारत पहिल्या दोन रांगांत बसली होती. सासूबाईही आल्या होत्या. मागच्या टेबलांवर झाकलेल्या ताटांतून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. मिलेना कडेच्या खुर्चीवर होती, तिच्या मांडीवर त्याचा चांगला कोट होता.

बोगोमिर सरळ मंचावर गेला आणि झुपानबाईंच्या कानात दोन वाक्यं बोलला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहिल्या. त्या बाईंचं एक मानलं पाहिजे, त्यांनी काहीही लपवलं नाही.

"शिक्का माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "दुरुस्त होऊन दोन आठवडे झाले. कुणी वर जाणारं भेटलं की पाठवायचा म्हणून ठेवला होता. पेच्निकसाहेब माझ्यासमोर बसले होते तेव्हा तो माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. शिक्का 'दुरुस्ती'च्या कप्प्यात आणि हे 'अपूर्ण'च्या फायलीत, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. चूक माझी आहे. मंडळ मधमाशी ग्राह्य धरतं. पेच्निकसाहेब, तुमचा बिल्ला."

टाळ्या पडल्या. बिल्ला छोट्या डबीत चमकत होता. बोगोमिरने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"नको," तो म्हणाला. "माझ्या वहीत एकसष्टावा शिक्का नाही."

"अहो, नियमात बसवलंय आम्ही."

"माझ्यात बसत नाही."

"घ्या हो पेच्निक," रादोवान खालून म्हणाले. "मांस गार होतंय."

"तुला काय, तू वाचून मारायचास," बोगोमिर त्यांना म्हणाला. वीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा निघालेलं ते 'तू' ऐकून रादोवान खुर्चीत सावरून बसले. झुपानबाईंनी जरा विचार केला, बिल्ल्याची डबी मिटून पर्समध्ये टाकली आणि रुमालातला शिक्का बोगोमिरच्या हातात दिला. "वर बसवायचा तर आहेच. मग तुम्हीच घेऊन जा. मधमाशीच्या शेजारी जागा आहे, तिथे मारा."

"उद्याच जातो," बोगोमिर म्हणाला. आणि कुणाला दिसलं नसेल, पण मिलेनाला दिसलं, की हे म्हणताना त्याचा चेहरा उजळला होता. ती कोट घेऊन उठली.

"मी पण येते," ती म्हणाली.

रविवारी ते दोघं निघाले. मिलेना डोंगरात जाणारी नव्हती. तिच्या पायात बागकामाचे बूट होते आणि ती दर वळणावर थांबत होती, त्यामुळे बोगोमिरलाही थांबावं लागत होतं. थांबल्यावर ती बोलायची. महिन्याभरातलं सगळं तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: ती जिन्यात पडली आणि मनगटाला दहा दिवस पट्टी होती, मुलीची नोकरी जाता जाता राहिली, आणि एका रविवारी ती स्वयंपाक न करता दिवसभर खिडकीत बसून राहिली. बोगोमिरजवळ नकाशा नव्हता. त्याने ऐकलं.

"मनगटाचं तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. मंगळवारी, सूप वाढताना."

त्याला स्वतःची फार लाज वाटली.

माथ्यावर वारा होता. त्याने शिक्का साखळीला अडकवला, स्क्रू घट्ट केला, ओढून पाहिला. वही गुडघ्यावर उघडली. शिक्का शाईच्या गादीवर दाबला, मधमाशीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर नेला आणि तिथेच धरून बसला.

"काय झालं?" मिलेनाने विचारलं.

"काही नाही."

"बोगो."

"हा मारला की संपलं, मिलेना," तो म्हणाला. "मग उद्या सोमवार. मग पाणीपट्टी. त्या बाईने चूक काढली तेव्हा मी रागावलो, पण मला बरं वाटलं गं. अजून एक डोंगर बाकी आहे म्हणून बरं वाटलं."

मिलेना त्याच्या शेजारी दगडावर बसली. चढाने तिचा चेहरा लाल झाला होता.

"तू चाललास त्याचा मला अभिमान आहे," ती म्हणाली. "मी बोलले नाही, ते चुकलं माझं. पण तू आलास असं सगळे म्हणतात, त्याला बारा दिवस झाले. मी रोज दोन ताटं मांडते आणि एकटीच जेवते. बाकी आहे ते एवढंच बाकी आहे. मार तो शिक्का आणि घरी ये."

बोगोमिरने चष्मा काढून पुसला, कारण या वेळी त्यावर खरोखरच पाणी होतं. मग दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार देऊन, त्याने शिक्का दाबला. अक्षरं स्वच्छ उमटली. त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली, तिने मान डोलावली, आणि दोघं उतरायला लागले. सहाशे किलोमीटर चालायला बोगोमिर पेच्निकला तीस दिवस लागले होते. समुद्रावरून घरी यायला बारा लागले.